बोटीवरचे सोवळे

बुऱ्हाणपूर समुद्रापासून लांब असले तरी समुद्राशी त्याचे नाते जुने आहे. गावाच्या पायथ्याशी वाहणारी तापी पुढे सुरतेजवळ खंबातच्या आखाताला मिळते. आग्र्याहून सुरतेच्या बंदराकडे जाणारा मोगली रस्ताही याच गावातून जात असे. आज इथले एखादे कुटुंब भुसावळमार्गे रेल्वेने मुंबई गाठते आणि गोव्याकडे किंवा लक्षद्वीपकडे निघालेल्या क्रूझवर चढते. निघण्याआधी घरात तीन गोष्टींची चौकशी होते: बंदरात उतरून काय पाहायचे, बोटीवर खायचे काय, आणि तब्येतीचे नियम कोणते. प्रवास कंपनी तिन्हींची उत्तरे सोयीच्या भाषेत देते. जैन जेवण मिळेल, सहलीचे पैसे वेगळे, ताप असेल तर आधी कळवा, एवढ्यात विषय आटोपतो. पण आपल्या पूर्वजांनी याच तीन प्रश्नांवर शेकडो वर्षे धर्मनिर्णय दिले, माणसे वाळीत टाकली आणि प्रायश्चित्ते घडवली. ते सगळे अज्ञान होते असे म्हणून हात झटकणे सोपे आहे, पण बरोबर नाही. प्रश्न खरेच धर्माचे होते आणि आजही आहेत. चुकली होती ती त्यांची दिशा. समुद्र ओलांडणाऱ्याने स्वतःला कोणाचा विटाळ होतो हे पाहायचे, की स्वतःमुळे कोणाला बाधा होते हे पाहायचे, यावर बोटीवरचा सगळा आचार अवलंबून आहे. आणि याचे उत्तर दुसऱ्या बाजूने द्यायला परंपरेतच भरपूर आधार आहे, असे मला वाटते.

बुऱ्हाणपुरात समुद्राबद्दलच्या दोन श्रद्धा शेजारी-शेजारी नांदल्या. सुमारे 1400 साली फारुकी सुलतान नासिर खानाने हे नगर वसवले आणि खुलताबादेत विसावलेल्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताचे नाव त्याला दिले. मोगल काळात सुरतेला मक्केचे दार म्हणत, आणि उत्तरेकडून हजला निघालेल्या कित्येकांच्या वाटेवर बुऱ्हाणपूर हा मोठा मुक्काम होता. त्यांच्या लेखी समुद्र हा फर्जकडे, म्हणजे धर्मकर्तव्याकडे, नेणारा मार्ग होता. त्याच गावातल्या वेदशास्त्रसंपन्न घरांत समुद्रगमन हे पातक होते. तरी या दोन जगांमध्ये भिंत नव्हती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या इथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख कोरलेला आहे, आणि त्यात हिजरी सनासोबत शक, संवत, तिथी, नक्षत्र अशी पंचांगाची सगळी अंगे दिली आहेत. सुलतानावर कोणाचीही सक्ती नसताना त्याने हे करवले. ज्या गावाने एका भिंतीवर दोन कालगणना मान्य केल्या, त्या गावाला समुद्राबद्दलच्या दोन आचारांचाही एकत्र विचार करता यायला हरकत नाही.

आधी निषेध नेमका काय होता ते पाहू. बौधायन धर्मसूत्रात समुद्रसंयान हे पतनीय कर्मांत येते. मनुस्मृतीत समुद्रयायी ब्राह्मणाला श्राद्धाला बोलावू नये असे आहे. पुढे कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात वर्ज्य मानलेल्या कृत्यांच्या, यादीत समुद्र ओलांडून आलेल्या द्विजाशी, त्याने प्रायश्चित्त घेतले तरी, व्यवहार ठेवू नये असा कडक नियम आला. पण याच बौधायनाने समुद्रप्रवास ही उत्तरेकडच्या लोकांची रीत असल्याचेही नोंदवले आहे. म्हणजे सूत्रकाराच्या डोळ्यांसमोर समुद्रावर जाणारे आर्य होते, आणि पुष्कळ होते. मनूचा निषेधही श्राद्धाच्या पंगतीपुरता आहे. प्रवासच होऊ नये असे तो म्हणत नाही. पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात कलिवर्ज्यांचा जो सविस्तर विचार केला आहे तो वाचला की एक गोष्ट लक्षात येते. एके काळी मान्य असलेले आचार समाजाला नकोसे झाले, तेव्हा शास्त्रकारांनी वचने खोडली नाहीत, ती कलियुगापुरती बाजूला ठेवली. आचार काळाप्रमाणे बदलतो हे कलिवर्ज्यांनीच कबूल केले आहे. जे यंत्र दार लावायला वापरले, तेच उघडायलाही वापरता येते. शिवाय हा निषेध सर्वांना कधीच लागू नव्हता. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारावर ज्यांनी वल्ही मारली, शिडे ओढली, त्या कोळी-भंडाऱ्यांच्या पतनाची चिंता कोणी वाहिली नाही. पातक होते ते ज्याच्यापाशी जपण्यासारखी उच्चता होती त्याचे. निषेधाचा विषय खारे पाणी नसून पंगत होता, हे यावरून उघड होते.

मराठी इतिहासातले समुद्रप्रवास याला साक्ष देतात. 1760 मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर आणि असीरगड पेशव्यांकडे आले. त्यानंतर वीसेक वर्षांनी राघोबादादाने आपली बाजू मांडायला हणमंतराव नावाच्या ब्राह्मण वकिलाला दोन पारशी सोबत्यांसह इंग्लंडला पाठवले. तिथल्या संसदपटू एडमंड बर्कने त्याला आपल्या बीकन्सफील्डच्या घरी उतरवले आणि त्याला स्वयंपाक व नित्यकर्म एकांतात करता यावे म्हणून झाडे ठेवायचे काचघर मोकळे करून दिले. पाहुण्याचा आचार यजमानाला कळत नव्हता, तरी त्याने त्याला जागा दिली. हणमंतराव परत आल्यावर मात्र, त्या काळच्या एका लेखकाच्या नोंदीप्रमाणे, शुद्धीसाठी सोन्याच्या योनीतून पुनर्जन्माचा विधी झाला. गांधीजींचीही 1891 मध्ये परतल्यावर आधी नाशिकला नदीत स्नान घालून शुद्धी झाली. जयपूरचे महाराज माधोसिंह 1902 मध्ये राज्याभिषेकाला लंडनला गेले तेव्हा चांदीच्या प्रचंड घागरींतून गंगाजल बोटीवर चढवण्यात आले. या सगळ्यांत श्रद्धा खरी होती, त्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तरी प्रत्येक विधीचा, प्रत्येक घागरीचा रोख एकाच दिशेने आहे: बाहेरचे जग मला लागू नये, लागले असेल तर धुऊन निघावे. त्या बोटींवर आणखीही माणसे होती. त्यांच्याबद्दल या विधींना काहीही म्हणायचे नव्हते.

या यादीत आनंदीबाई जोशी वेगळ्या उभ्या राहतात. 24 फेब्रुवारी 1883 रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी आपण परदेशी का जातो ते उघडपणे सांगितले आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येईन, असे वचन दिले. 7 एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीवर चढल्या. शाकाहार आणि साडी त्यांनी सांभाळली, पण ज्या वैद्यकविद्येसाठी त्या निघाल्या होत्या ती सर्वांच्या शरीराला हात लावणारी विद्या होती. त्यांच्या आहाराच्या नियमाने इतर कोणाला हीन ठरवले नाही आणि कोणावर भार टाकला नाही. त्याची सगळी किंमत त्यांनी स्वतःच्या शरीरात मोजली, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी त्यांचा मृत्यू झाला. मला व्रत आणि सोवळे यांतला फरक इथे दिसतो. व्रताची झळ घेणाऱ्यालाच लागते. सोवळ्याची झळ नेहमी दुसऱ्या कोणाला तरी लागते, कारण कोणी ओवळे असल्याशिवाय सोवळे उभेच राहत नाही.

आता दुसऱ्या श्रद्धेकडे वळू, कारण बोटीवरचे आरोग्याचे नियम बऱ्याच अंशी हजच्या वाटेवर घडले. 1865 मध्ये मक्केत पटकीची भयंकर साथ आली आणि परतणाऱ्या हाजींबरोबर ती इजिप्तमार्गे युरोपात पोचली. दुसऱ्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. 1882 पासून तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर यात्रेकरूंच्या बोटी अडवून ठेवल्या जाऊ लागल्या. 1897 मध्ये मुंबईत प्लेग असल्यामुळे हजच्या बोटीच बंद झाल्या. इथे एक आक्षेप येतो आणि तो मी फार गंभीरपणे घेतो. आरोग्याचे नियम हे सत्तेचे हत्यार राहिले आहे, असे कोणी म्हणेल तर ते खरेच आहे. जहाजमालक डेकवर माणसे कोंबून पैसा मिळवीत, आणि विलग ठेवण्याची शिक्षा मात्र गरीब यात्रेकरू भोगे. त्याच 1897 साली पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर देवघरांपर्यंत शिरले, आणि त्याची परिणती 22 जूनला प्लेग अधिकारी रँडवर झालेल्या प्राणघातक हल्ल्यात झाली. ज्या नियमात नियम पाळणाऱ्याची बेअब्रू होते तो नियम जुलूम होतो, मग त्यामागचे वैद्यक कितीही अचूक असो. पण यातून नियम खोटा ठरत नाही. साथीच्या गावात जाऊ नये आणि तिथे असाल तर बाहेर पडू नये, ही आज्ञा हदीसमध्ये आहे, आणि सीरियातल्या साथीची खबर वाटेत कळताच खलीफा उमर माघारी फिरले. तुम्ही ईश्वराच्या विधानापासून पळता का, असे त्यांना विचारले गेले. आपण त्याच्या एका विधानाकडून त्याच्याच दुसऱ्या विधानाकडे जातो, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. कामरानच्या कितीतरी आधी ही शिकवण होती. ती वसाहतवाल्यांनी आणलेली नाही. त्यांनी तिच्यातली माणुसकी तेवढी काढून टाकली.

आजच्या क्रूझवर नियमांची यादी छोटी दिसते: चढण्यापूर्वी प्रकृतीचा फॉर्म खरा भरायचा, जेवणाआधी साबणाने हात धुवायचे, उलट्या-जुलाब सुरू झाले तर केबिनमध्ये राहून डॉक्टरांना कळवायचे. यामागचे कारण कळले तर यादीचे वजन कळते. बोटींवर पसरणारा नोरोव्हायरस फार थोड्या कणांनी लागतो, कठडे आणि बुफेतल्या डावांवर टिकतो, अल्कोहोलच्या सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही आणि रोग्याला बरे वाटू लागल्यावरही त्याच्या शरीरातून बाहेर पडत राहतो. म्हणून साबण आणि वाहते पाणी हवे, आणि बरे वाटल्यावरही निदान दोन दिवस इतरांच्या अन्नापासून दूर राहायला हवे. याहून मोठा धडा फेब्रुवारी 2020 मध्ये योकोहामाच्या धक्क्यावर मिळाला. डायमंड प्रिन्सेसवर 3,711 माणसे होती, त्यांतल्या 712 जणांना कोविडची बाधा झाली. प्रवाशांना केबिनमध्ये बसवण्यात आले, पण 1,045 कर्मचाऱ्यांतले बहुतेक काम करत राहिले. दाराशी ताटे पोचवणारे तेच, आणि एकेका खोलीत मिळून झोपणारेही तेच. त्या कर्मचाऱ्यांत 132 भारतीय होते.

या आकड्यांपाशी थांबावे असे मला वाटते. प्रवाशांची सुरक्षितता कर्मचाऱ्यांच्या उघडे पडण्यावर उभी होती. आपल्याकडे सोवळ्याचा इतिहास याहून वेगळा नाही. एका घराची शुचिता दुसऱ्या कोणाच्या तरी मैला उचलण्यावर उभी होती, आणि उचलणाऱ्यालाच अपवित्र म्हटले गेले. म्हणून नवे आरोग्यनियम पाळले की झाले, असे मी म्हणणार नाही. हात धुणे हेही नवे सोवळे होऊ शकते, जर ते फक्त मला काही होऊ नये म्हणून असेल. ताप लपवून बोटीवर चढणारा प्रवासी स्वतःच्या केबिनमध्ये औषध घेऊन बरा होतो, पण त्याची चादर बदलणारा गोव्याचा किंवा सिंधुदुर्गाचा पोरगा सहा-आठ महिन्यांच्या करारावर असतो आणि आजारी पडला तर त्याच्या पगाराचे काय होईल याची त्याला धास्ती असते. आचाराची कसोटी इथे लावायला हवी: माझ्या नियमाचा भार शेवटी कोणाच्या अंगावर पडतो?

बुऱ्हाणपूरकराला हे समजावून सांगावे लागू नये. इथला कुंडी भंडारा सतराव्या शतकाच्या आरंभी, अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात उभा राहिला. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने गावाकडे येते आणि त्यावर शंभराहून जास्त कुंड्या एकामागोमाग खोदलेल्या आहेत. वरून पाहणाराला त्या वेगवेगळ्या विहिरी वाटतात, खाली प्रवाह एक आहे. वरच्या कुंडीत कोणी घाण टाकली तर त्याचा स्वतःचा घडा एखादे वेळी स्वच्छ भरेल, बाधा खालच्या मोहल्ल्याला होईल. बोटीवर पाण्याची, हवेची आणि अन्नाची व्यवस्था अशीच एकमेकांत गुंतलेली असते. आपली कुंडी वेगळी आहे असे तिथे कोणालाच म्हणता येत नाही.

यावर श्रद्धाळू वाचक म्हणेल की तुम्ही धर्माचे आरोग्यखाते करून टाकले. आमचा शाकाहार, एकादशी, रमजान, हलाल, कांदा-लसूण न खाणे यांना मग काही अर्थ उरला का? उरला, आणि पूर्ण उरला. शरीराला न दुखवणारे पण मनाला वळण लावणारे नियम माणसाला हवे असतात, आणि चोवीस तास खाद्यपदार्थ मांडून ठेवणाऱ्या बोटीवर तर ते जास्तच हवेत. मी फक्त क्रम सांगतो आहे. व्रत पाळायचे असेल तर त्याची तयारी आपण करावी: आरक्षणाच्या वेळीच आहार लिहून कळवावा, कोरडा फराळ बरोबर घ्यावा, आणि ऐन जेवणाच्या वेळी वाढणाऱ्यावर डाफरू नये. शेजारच्या टेबलावर काय आहे यावर आपल्या व्रताचा अधिकार चालत नाही. बुफेतून ताट भरून टाकून देणे हे मात्र कोणत्याही पंथात बसत नाही, आणि शाकाहारी ताट टाकले म्हणून ते पाप हलके होत नाही. सवलत कुठवर घ्यावी याचे उत्तम उदाहरण छांदोग्य उपनिषदात आहे. दुष्काळात उपाशी असलेल्या उषस्ति चाक्रायणाने माहुताचे उष्टे उडीद मागून खाल्ले, पण पाणी नाकारले. उडीद खाल्ले नसते तर जीव गेला असता, पाणी मात्र कुठेही मिळाले असते. गरजेपुरते वाकायचे आणि सवलतीची सवय करायची नाही, असा हा विवेक आहे. कुराणातही आजारी माणसाला आणि प्रवाशाला उपवास पुढे ढकलण्याची मुभा आहे. समुद्र लागल्याने पोटात काही ठरत नसताना निर्जळी एकादशी करणे, किंवा मधुमेहाची गोळी उपवासासाठी टाळणे, ही निष्ठा दोन्ही परंपरांनी मागितलेली नाही. आणि असा माणूस कोसळला तर बोटीच्या छोट्या दवाखान्यातली खाट, डॉक्टर आणि कदाचित बोटीचा मार्गही त्याच्यासाठी अडतो.

बंदरावर उतरण्याचा प्रश्न आटोपशीर आहे, पण सोपा नाही. बोट चार-सहा तास थांबते, तेवढ्यात जुन्या गोव्याचे बॉम जेझू किंवा मट्टांचेरीचे 1568 चे ज्यूंचे प्रार्थनागृह पाहायचे असते. एखाद्याचे पवित्र स्थान आपल्या वेळापत्रकातले ठिकाण होते तेव्हा त्याची मर्यादा आपोआप पाळली जात नाही, ती मुद्दाम पाळावी लागते. लक्षद्वीपला जायला परवाना लागतो, आणि तिथल्या वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे. सुट्टीवर आलेल्याला ही अडचण वाटते, पण ते कोणाचे तरी गाव आहे. बुऱ्हाणपूरला हे यजमानाच्या बाजूने ठाऊक आहे. इथल्या दरगाह-ए-हकीमीला जगभरचे दाऊदी बोहरे येतात, आणि इतरांनीही तिथे अदबीने यावे अशी अपेक्षा असते. पाहुणेपणाची परतफेड कुठवर जाऊ शकते याचे मराठी उदाहरण फ्लॉरेन्समध्ये आहे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी तिथे वारले. त्या शहराला दहन माहीत नव्हते, तरी आर्नो नदीच्या काठी त्यांना अग्नी देण्याची परवानगी मिळाली, आणि पुढे तिथे त्यांचे स्मारकही उभे राहिले. एका कॅथलिक शहराने परक्याच्या अंत्यसंस्कारासाठी नदीकाठ दिला. त्याच्या चर्चमध्ये शिरताना टोपी काढायला आणि आवाज उतरवायला आपल्याला जड जाऊ नये. वेळेवर परत येणेही याच मर्यादेत बसते. बोट उशिरा येणाऱ्यासाठी थांबत नाही, आणि थांबलीच तर त्याचा विलंब पुढच्या बंदरावर वाट पाहणाऱ्या गाड्यावाल्यांच्या आणि वाटाड्यांच्या मजुरीतून वसूल होतो.

शेवटचा आक्षेप असा की हज किंवा काशीयात्रा ही यात्रा असते, क्रूझ ही मौज, मौजेत धर्म कशाला आणायचा? हजची शेवटची बोट मुंबईहून 1995 साली सुटली. आता जेद्दाहला विमाने जातात आणि समुद्रावर उरले आहेत ते बहुतांशी सुट्टीवरचे लोक. पण पुण्य मिळवायला निघालेल्याला निदान संयमाची आठवण असते, मौजेला निघालेल्याला ती कोणी करून देत नाही. तिकिटाचे पैसे वाया जातील म्हणून फॉर्मवर 'ताप नाही' असे लिहिणारा माणूस घरी देवाला फुले वाहणारा, नमाज न चुकवणारा असू शकतो. त्याला ते खोटे बोलणे वाटत नाही, कारण समोर कागद आहे, माणूस नाही. आणि इथे जुन्या प्रायश्चित्तविचारातली एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. शास्त्रकारांनी ख्यापनाला, म्हणजे केलेले पाप चारचौघांत बोलून दाखवण्याला, प्रायश्चित्ताचे अंग मानले होते. परतल्यावर नाशिकला घेतलेल्या स्नानाने लपवलेल्या तापाचे काही होणार नाही, कारण बाधा बोटीवर राहिली आहे. ज्याने ताप लपवला त्याने उतरण्याआधी, दंड होईल हे धरून, बोटीच्या डॉक्टरांना ते सांगायला हवे, आणि रोज त्याची केबिन झाडणाऱ्या माणसालाही नाव घेऊन सांगायला हवे, म्हणजे तो आपली तपासणी करून घेईल आणि दुसऱ्या केबिनमध्ये जाण्याआधी थांबेल.